कॅनडातल्या ऑन्टॅरिओत छोट्या शहराच्या कौन्सिलपुढे येणारा पोलिसांचा अहवाल कसा वाचावा आणि त्यावर कसे बोलावे

महाराष्ट्रात आपण पोलीस पाहिले ते राज्य सरकारचे. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत पोलीस हा राज्यसूचीतला विषय आहे. त्यामुळे तालुक्याच्या गावातला पोलीस निरीक्षक उपअधीक्षकाला, उपअधीक्षक जिल्हा अधीक्षकाला जबाबदार असतो आणि ही साखळी थेट गृहखात्यापर्यंत जाते. नगरपरिषदेचा नगराध्यक्ष त्या साखळीत कुठेच नसतो. गणेशोत्सवाआधी पोलीस ठाण्यात शांतता समितीची बैठक होते, नगरसेवक आणि मंडळांचे कार्यकर्ते येऊन बसतात, सूचना होतात, चहा होतो. पण यंदा पोलिसांवर किती खर्च झाला, किती पदे रिकामी आहेत आणि गेल्या वर्षी दिलेले आश्वासन पाळले गेले का, हे विचारण्याचा अधिकार त्या बैठकीला नसतो.

कॅनडातल्या ऑन्टॅरिओ प्रांतात छोट्या शहरात घर घेतलेल्या मराठी माणसाला म्हणूनच एक गोष्ट अनोळखी वाटते: इथे पोलिसांचा खर्च शहराच्या मालमत्ता करातून भागतो, आणि वर्षातून निदान एकदा त्या पोलिसांचा हिशेब शहराच्या निवडून आलेल्या कौन्सिलपुढे मांडला जातो. ती सभा सर्वांना खुली असते आणि तिथे सामान्य रहिवाशाला बोलता येते. हा अधिकार आपल्यापैकी फार थोडे लोक वापरतात, आणि जे वापरतात त्यांतले बरेच जण चुकीच्या दारावर थाप मारून परततात. मीही तसाच परतलो होतो. आमच्या मुलांच्या शाळेसमोरून गाड्या भरधाव जात, म्हणून मी कौन्सिलच्या सभेत पाच मिनिटे मागून घेतली आणि सकाळी आठ ते नऊ या वेळेत तिथे पोलिसांची गाडी उभी करावी, अशी मागणी केली. महापौरांनी शांतपणे ऐकून घेतले आणि सांगितले की पोलिसांची गाडी कुठे उभी राहावी, हे ठरवण्याचा अधिकार कौन्सिलला नाही. माझी पाच मिनिटे तिथेच संपली. पुढे जे शिकलो ते इथे क्रमाने लिहीत आहे.

कोण कोणाला जबाबदार आहे, हे आधी पक्के करा

ऑन्टॅरिओत दोन प्रकारची शहरे आहेत. काही शहरांचे स्वतःचे पोलीस दल आहे. स्ट्रॅटफर्ड, वुडस्टॉक, ब्रॉकव्हिल, बेलव्हिल, कॉर्नवॉल ही त्यांतली छोटी शहरे. बाकीच्या अनेक गावांना आणि शहरांना प्रांतिक पोलीस, म्हणजे ओपीपी, सेवा देतात आणि त्याचे बिल नगर प्रशासनाकडे येते. ओपीपीचे मुख्यालय असलेले ओरिलिया हे शहर स्वतःही ओपीपीच्याच सेवेवर चालते, आणि ऑरेंजव्हिलने २०२० साली आपले स्वतंत्र दल बंद करून ओपीपी स्वीकारले. आपले शहर कोणत्या प्रकारात मोडते, हे रस्त्यावरच्या पोलीस गाडीच्या दारावर लिहिलेले असते.

दोन्ही प्रकारांना आता एकच कायदा लागू आहे. १९९० चा जुना पोलीस सेवा कायदा जाऊन २०१९ साली संमत झालेला कम्युनिटी सेफ्टी अँड पोलिसिंग अ‍ॅक्ट १ एप्रिल २०२४ पासून अमलात आला. या कायद्यातली मध्यवर्ती संस्था म्हणजे पोलीस सेवा मंडळ, ज्याला इथे सगळे नुसते ‘पोलीस बोर्ड’ म्हणतात. पोलीसप्रमुख कौन्सिलला जबाबदार नसतो. तो बोर्डाला जबाबदार असतो. त्याची नेमणूक बोर्ड करते, त्याच्या कामाचा आढावा बोर्ड घेते, आणि पोलीस दलातल्या लोकांचा मालकही बोर्डच असते. पाच सदस्यांच्या बोर्डात महापौर किंवा त्यांच्याऐवजी कौन्सिलने निवडलेला सदस्य, कौन्सिलचा आणखी एक सदस्य, कौन्सिलने नेमलेला पण कौन्सिलचा सदस्य वा कर्मचारी नसलेला एक नागरिक आणि प्रांतिक सरकारने नेमलेले दोघे असतात. न्यायाधीश, सेवेत असलेले पोलीस किंवा फौजदारी वकिली करणारे लोक त्यात बसू शकत नाहीत.

म्हणजे शहरातून निवडून आलेले दोन लोक बोर्डात असतात, पण बोर्ड हे कौन्सिलची उपसमिती नसते. ही भिंत मुद्दाम बांधलेली आहे. कोणाला पकडा, कोणाला सोडा, हे निवडून आलेल्या माणसाने पोलिसांना सांगू नये, यासाठी ती आहे, आणि राजकीय दबावाखाली चालणारे ठाणे ज्याने पाहिले आहे त्याला तिचे मोल वेगळे सांगायला नको. बोर्डालासुद्धा मर्यादा आहेत: विशिष्ट तपास, विशिष्ट कारवाई, विशिष्ट अधिकाऱ्यावरची शिस्तभंगाची कारवाई आणि रोजचे कामकाज यांबाबत बोर्ड पोलीसप्रमुखाला आदेश देऊ शकत नाही. मात्र या मर्यादेचा अर्थ बोर्डाने डोळे मिटून बसावे असा होत नाही. टोरंटोत जून २०१० मध्ये जी-२० परिषदेच्या वेळी शेकडो लोकांची धरपकड झाली. त्यानंतर निवृत्त न्यायमूर्ती जॉन मॉर्डन यांनी २०१२ साली दिलेल्या अहवालात हेच ठासून सांगितले की धोरण आणि कारवाई यांच्यातली रेघ दाखवून बोर्डाने प्रश्न विचारणेच सोडून दिले, तर देखरेख उरतच नाही. आदेश देता येत नसला तरी माहिती मागता येते, आणि माहिती मागितल्यावर ती द्यावी लागते.

मग कौन्सिलच्या हाती काय उरते? मुख्यतः पैसा. बोर्ड दरवर्षी खर्चाचा अंदाज कौन्सिलकडे पाठवते. कौन्सिलवर तो जसाच्या तसा मान्य करण्याचे बंधन नाही, पण त्यातली एखादी विशिष्ट बाब उचलून ‘हे चालेल, हे चालणार नाही’ असे म्हणण्याचा अधिकारही तिला नाही. ती फक्त एकूण रकमेवर बोलू शकते. ती रक्कम अपुरी आहे असे बोर्डाला वाटले, तर प्रकरण समेटाकडे किंवा लवादाकडे जाते. त्यामुळे ‘ते नवे चिलखती वाहन रद्द करा’ असे कौन्सिलला सांगण्यात अर्थ नाही. तेच वाक्य बोर्डापुढे बोलले तर त्याला अर्थ आहे.

कागद कुठे मिळतो आणि कधी मिळतो

बोर्डाला वर्षातून किमान चार सभा घ्याव्या लागतात. त्या लोकांसाठी खुल्या असतात, आणि सभेची सूचना विषयपत्रिकेसह किमान सात दिवस आधी इंटरनेटवर टाकावी लागते. व्यक्तिगत बाबी, कामगार वाटाघाटी, वकिलाचा सल्ला आणि चालू तपास असे मोजके विषय बंद दाराआड घेता येतात. याशिवाय बोर्डाने दरवर्षी ३० जूनपर्यंत कौन्सिलकडे वार्षिक अहवाल सादर करायचा असतो. धोरणात्मक आराखड्यात ठरवलेली उद्दिष्टे किती गाठली, पोलीस दलाचा कारभार कसा चालला आणि शहराच्या समाजसुरक्षा आराखड्यात पोलिसांनी आपला वाटा कसा उचलला, हे त्यात यावे लागते. वाचायचा तो हाच कागद.

पण तो कागद हाती घेण्याआधी धोरणात्मक आराखडा शोधून काढा. बोर्डाने तो लोकांशी सल्लामसलत करून बनवायचा असतो आणि निदान दर चार वर्षांनी त्याचा फेरविचार करायचा असतो. अहवाल एकटा वाचला तर सगळे आलबेल दिसते, कारण त्यात जे झाले तेच लिहिलेले असते. आराखडा शेजारी ठेवला की जे ठरले होते आणि अहवालात ज्याचा उल्लेखच नाही, ते दिसू लागते. मी आराखड्याची छापील प्रत घेतो, प्रत्येक उद्दिष्टापुढे पेन्सिलीने अहवालातला पान क्रमांक लिहितो, आणि ज्यांच्यापुढे क्रमांक पडत नाही त्यांची वेगळी यादी करतो. पहिल्या वर्षी माझ्या यादीत सहा उद्दिष्टे राहिली. पुढे विचारलेले सगळे प्रश्न त्या सहांतूनच निघाले.

पैशांवर बोलायचे असेल तर हंगाम वेगळा असतो. शहराचे आर्थिक वर्ष जानेवारी ते डिसेंबर असते, आणि बहुतेक ठिकाणी पोलिसांचा अंदाज पाऊस-पानगळीच्या दिवसांत, सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये, बोर्डापुढे येतो व त्यानंतर कौन्सिलकडे जातो. ज्या शहरांच्या महापौरांना प्रांतिक सरकारने वाढीव अधिकार दिले आहेत, तिथे अर्थसंकल्पाचा प्रस्ताव महापौरच १ फेब्रुवारीपर्यंत मांडतात. कौन्सिलमध्ये आकडा येईपर्यंत तो बराचसा घट्ट झालेला असतो. ज्याला बदल हवा आहे त्याने शरद ऋतूतल्या बोर्डाच्या सभेला जावे.

माणसे किती, हे मोजा

अहवालातले पहिले पान पोलीसप्रमुखांचे मनोगत असते. ते वाचा, पण त्यावर थांबू नका. थेट मनुष्यबळाच्या तक्त्याकडे जा. पोलिसांच्या खर्चातला फार मोठा भाग पगार, भत्ते आणि निवृत्तिवेतन यांचा असतो, आणि पगार सामूहिक करार किंवा लवादातून ठरतात. त्यामुळे गाड्या आणि इमारती यांवर कितीही चर्चा झाली तरी कराचे बिल माणसांच्या संख्येवरच हलते.

इथे एक साधा भागाकार कामी येतो. रस्त्यावर एक गस्तीची जागा आठवडाभर रात्रंदिवस भरलेली ठेवायची तर १६८ तास भरावे लागतात. एक अधिकारी आठवड्याला ४० तास काम करतो असे धरले तर ४.२ माणसे लागतात. त्यात रजा, आजारपण, प्रशिक्षण आणि कोर्टातल्या साक्षीचे दिवस मिळवले की आकडा पाचाच्या वर जातो. म्हणून ‘आम्ही दोन अधिकारी वाढवत आहोत’ या वाक्याचा अर्थ रात्री दोन जास्तीच्या गाड्या फिरतील असा नसतो. एकही पूर्ण गाडी वाढत नाही. हा हिशेब कौन्सिलच्या सदस्यांपैकी सगळ्यांना माहीत असतोच असे नाही, आणि तो शांतपणे मांडला तर सभागृह ऐकते.

दुसरे म्हणजे मंजूर पदे आणि प्रत्यक्ष कामावर हजर असलेली माणसे या दोन वेगळ्या संख्या आहेत. अहवालात बहुधा पहिलीच असते. २०१६ साली ऑन्टॅरिओने कायदा करून पोलीस, अग्निशामक आणि रुग्णवाहिका कर्मचाऱ्यांना होणारा आघातोत्तर मानसिक विकार हा कामातूनच झाला असे गृहीत धरण्याची तरतूद केली. ती योग्य होती, कारण अपघातातल्या मुलाचा मृतदेह उचललेल्या माणसाला आजारपणाचा पुरावा देत फिरायला लावणे क्रूर होते. पण अशा दीर्घ रजेवर असलेल्यांची जागा लगेच भरता येत नाही, आणि साठ माणसांच्या दलात सहा जण रजेवर असले तर उरलेल्यांच्या पाळ्या लांबतात, ओव्हरटाइम चढतो आणि आणखी माणसे थकतात. म्हणून प्रश्न असा विचारावा: ‘मंजूर पदे किती, त्यांतली भरलेली किती, आणि ३१ डिसेंबरला प्रत्यक्ष पूर्ण कामावर हजर किती?’ कोणाच्या आजाराविषयी काहीही विचारू नये. फक्त तीन संख्या मागाव्यात.

गुन्ह्यांचे आकडे

अहवालात तीन वेगवेगळ्या गोष्टी शेजारीशेजारी छापलेल्या असतात आणि वाचणारा त्यांना एकच समजतो. पहिली म्हणजे मदतीसाठी आलेले कॉल. हे गुन्हे नव्हेत. त्यात वाजलेले घरफोडीचे खोटे अलार्म, हरवलेल्या वृद्धांचा शोध, शेजाऱ्यांची भांडणे, रस्त्यावरचे अपघात आणि मानसिक आजाराच्या झटक्यात घरच्यांनी केलेले फोन असे सगळे असते. दुसरी म्हणजे नोंदवलेले गुन्हे. तिसरी म्हणजे स्टॅटिस्टिक्स कॅनडाचा गुन्हे तीव्रता निर्देशांक, जो २००९ पासून प्रसिद्ध होतो आणि ज्यात २००६ या वर्षासाठी देशाचा आकडा १०० धरला आहे. या निर्देशांकात प्रत्येक गुन्ह्याला कोर्टांनी दिलेल्या शिक्षांवरून वजन दिलेले असते, त्यामुळे सायकलचोरी हलकी आणि खून फार जड ठरतो.

छोट्या शहरात हा निर्देशांक सावधपणे वाचावा लागतो. तीस हजार वस्तीच्या शहरात वर्षभरात एक खून झाला, तर दर एक लाखामागे तीनहून अधिक खून असा दर निघतो, आणि देशाचा दर अलीकडच्या वर्षांत सुमारे २ आहे. एका घरातल्या एका भयंकर रात्रीमुळे ते शहर कागदावर देशापेक्षा धोकादायक ठरते, आणि पुढच्या वर्षी खून झाला नाही की निर्देशांक ‘घसरला’ म्हणून अभिनंदन होते. दोन्ही निष्कर्ष पोकळ आहेत. छोट्या शहराचा एका वर्षाचा आकडा कधीच एकटा घेऊ नये. पाच वर्षांची रांग मागावी.

लैंगिक अत्याचारांच्या आकड्याबाबत आणखी एक काळजी घ्या. पीडित व्यक्तीची तक्रार पोलिसांनी ‘तथ्य नाही’ असा शेरा मारून बंद करण्याचे प्रमाण देशभर किती आहे, हे २०१७ साली एका वृत्तपत्राच्या शोधमालिकेने उघड केले आणि त्यानंतर, २०१८ च्या सुरुवातीपासून, स्टॅटिस्टिक्स कॅनडाने नोंदीचे निकष बदलले. घटना घडलीच नाही असा ठोस पुरावा नसेल तर आता तक्रार खरी धरून नोंदवायची असते. म्हणून त्या वर्षानंतर आकडा वाढलेला दिसला तर गुन्हे वाढले असे लगेच म्हणता येत नाही. कदाचित पूर्वी फाइलबंद होणाऱ्या तक्रारी आता मोजल्या जात असतील. आपल्या घरांत या विषयावर बोलणे अवघड असते, हे मी जाणतो. पण कौन्सिलपुढे ‘तथ्य नाही’ म्हणून बंद केलेल्या तक्रारींचे प्रमाण विचारणारा एक तरी रहिवासी असावा, आणि तो कोणत्याही समाजातला असू शकतो.

ज्यांच्या त्वचेचा रंग वेगळा आहे, त्यांनी आणखी दोन तक्ते जरूर पाहावेत. एक म्हणजे रस्त्यावर अडवून ओळख विचारण्याच्या घटनांचा. त्यावर २०१७ पासून नियम लागू आहेत आणि पोलीसप्रमुखांना त्याचा वार्षिक अहवाल द्यावा लागतो. दुसरा म्हणजे बळाच्या वापराचा, ज्यात १ जानेवारी २०२० पासून संबंधित व्यक्तीचा वंश, पोलिसाला जसा वाटला तसा, नोंदवणे बंधनकारक आहे. छोट्या शहरात या तक्त्यांमधल्या संख्या इतक्या लहान असतात की टक्केवारी काढण्यात अर्थ नसतो. तिथे टक्केवारीऐवजी असे विचारावे की प्रत्येक घटनेचा आढावा कोण घेतो आणि त्यातून प्रशिक्षणात काय बदलले.

एक प्रश्न, जो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो

ऑन्टॅरिओच्या मानसिक आरोग्य कायद्याच्या १७ व्या कलमानुसार, एखादी व्यक्ती मानसिक आजारामुळे स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करील असे दिसले, तर पोलीस तिला तपासणीसाठी ताब्यात घेऊन डॉक्टरकडे नेऊ शकतात. रुग्णालयाने त्या व्यक्तीचा ताबा घेईपर्यंत पोलिसांना तिथून हलता येत नाही. एकच रुग्णालय असलेल्या शहरात, शनिवारी रात्री, हे काय असते ते मी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबासोबत इमर्जन्सीत बसून पाहिले आहे. विशीतला मुलगा खुर्चीत मान खाली घालून बसलेला, त्याच्या दोन्ही बाजूंना गणवेशातले दोघे, बंदुका कमरेला, आणि समोर घड्याळ. कोणी कोणावर ओरडत नव्हते. एका अधिकाऱ्याने त्याला दोनदा पाणी आणून दिले. मुलाची आई मराठीत मला पुन्हा पुन्हा एकच विचारत होती की याने काही केलेले नाही, मग हे पोलीस का बसले आहेत. पाच तास गेले. तेवढा वेळ शहरातली एक गाडी दोन माणसांसह दवाखान्याच्या दारात उभी होती.

हा प्रश्न पोलिसांच्या विरोधातला नाही आणि रुग्णालयाच्या विरोधातलाही नाही. पण तो विचारल्याशिवाय कागदावर येत नाही: ‘गेल्या वर्षी १७ व्या कलमाखाली किती जणांना रुग्णालयात नेले, आणि प्रत्येक वेळी अधिकाऱ्यांना सरासरी किती वेळ थांबावे लागले?’ तो आकडा मिळाला की पुढची चर्चा आपोआप ठोस होते, कारण मनोविकार परिचारिका आणि पोलीस यांनी एकत्र जाण्याची फिरती पथके काही शहरांत आहेत. हॅमिल्टनमध्ये असे पथक २०१३ पासून काम करत आहे. आपल्या शहरात ते परवडेल का, हे तासांच्या हिशेबावरूनच ठरू शकते.

सभेत प्रत्यक्ष कसे बोलावे

प्रत्येक नगर प्रशासनाला सभांच्या कामकाजाचा उपविधी करावाच लागतो, आणि रहिवाशाने किती मिनिटे बोलायचे, नाव किती दिवस आधी द्यायचे हे त्यात लिहिलेले असते. सिटी क्लर्कच्या कार्यालयाला ईमेल करून ‘डेलिगेशन’ म्हणून नाव नोंदवावे. क्लर्क हा राजकारणी नसतो, तो नियम जाणणारा अधिकारी असतो, आणि माझा अनुभव असा की सरळ विचारले तर तो सरळ मदत करतो. शहराच्या निवडणुकीत मत द्यायला कॅनडाचे नागरिकत्व लागते, पण सभेत बोलायला सहसा शहराचे रहिवासी असणे पुरते. पीआरवर, म्हणजे कायमस्वरूपी वास्तव्याच्या परवान्यावर, आलेल्यांनी यात मागे राहू नये.

पाच मिनिटे म्हणजे सावकाश वाचलेली साधारण दीड ते दोन पाने. त्यात एकच विषय घ्यावा. पहिल्या दोन वाक्यांत तुम्ही कोण, कोणत्या भागात राहता आणि अहवालाच्या कितव्या पानाबद्दल बोलत आहात हे सांगावे. पान क्रमांक सांगताच सगळ्या सदस्यांचे हात आपापल्या कागदांकडे जातात, आणि तेव्हाच ऐकणे सुरू होते. मग एक अनुभव, एक आकडा आणि एक विनंती. विनंती अशी हवी की समोरच्या सभागृहाला ती मान्य करण्याचा अधिकार आहे. शाळेसमोरच्या वेगाचेच उदाहरण घ्या. ‘पोलीस गाडी उभी करा’ ही मागणी कौन्सिलकडे करून मी चुकलो. कौन्सिलकडे मागण्यासारख्या गोष्टी होत्या त्या म्हणजे गतिरोधक, अरुंद केलेला रस्ता, उंच पादचारी पट्टा. रस्ता कौन्सिलचा असतो. नोव्हेंबर २०२५ पासून प्रांतात वेग पकडणाऱ्या कॅमेऱ्यांवर बंदी आली, त्यामुळे रस्त्याच्या रचनेचा मुद्दा आता अधिकच महत्त्वाचा आहे. बोर्डाकडे मागण्यासारखी गोष्ट म्हणजे शाळांच्या परिसरातली वाहतूक सुरक्षा हे धोरणात्मक आराखड्यातले उद्दिष्ट करावे आणि त्याचा तिमाही आकडा द्यावा. आणि आठ ते नऊ या वेळेत गाडीची विनंती थेट पोलीस दलाच्या वाहतूक विभागाकडे, एका साध्या ऑनलाइन अर्जाने करायची होती.

कौन्सिलचे सदस्य बोर्डाला आदेश देऊ शकत नाहीत, पण ते ठराव करून बोर्डाला माहिती देण्याची विनंती करू शकतात. म्हणून बोलणे संपवताना असे म्हणावे: ‘या माहितीसाठी बोर्डाला विनंती करणारा ठराव एखाद्या सदस्याने मांडावा, ही माझी विनंती आहे.’ त्याहून बरे म्हणजे आठवडाभर आधी आपल्या वॉर्डच्या किंवा ओळखीच्या एका सदस्याला फोन करून ठरावाचा मसुदाच हाती देणे. सभागृहात ऐनवेळी उत्साहाने मांडलेला ठराव शब्दांच्या घोळात पडतो.

काय तिथे नेऊ नये

एखाद्या अधिकाऱ्याने तुमच्याशी किंवा तुमच्या मुलाशी वाईट वर्तन केले असेल, तर ती तक्रार कौन्सिल वा बोर्डाच्या खुल्या सभेत मांडू नये. तिथे कोणी त्यावर निर्णय देऊ शकत नाही, आणि तुमचे म्हणणे कायमचे ध्वनिमुद्रित होते. वर्तनाची तक्रार लॉ एन्फोर्समेंट कम्प्लेंट्स एजन्सीकडे करायची असते, आणि ती शक्यतो घटनेपासून सहा महिन्यांच्या आत करावी. शहराला पुरेशी पोलीस सेवाच मिळत नाही, अशी तक्रार असेल तर ती इन्स्पेक्टर जनरल ऑफ पोलिसिंगकडे, म्हणजे प्रांतातल्या पोलीस सेवांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाते. पोलिसांशी संबंध आलेल्या घटनेत मृत्यू, गंभीर इजा, माणसावर गोळीबार किंवा लैंगिक अत्याचाराचा आरोप असेल, तर पोलिसांपासून स्वतंत्र असलेले स्पेशल इन्व्हेस्टिगेशन्स युनिट तपास करते.

ओपीपीची सेवा असलेल्या शहरांत पोलीसप्रमुखाच्या जागी डिटॅचमेंट कमांडर, म्हणजे ओपीपीच्या स्थानिक तुकडीचा प्रमुख, असतो आणि एका डिटॅचमेंटचे बोर्ड कधी कधी शेजारच्या अनेक गावांचे मिळून असते. तिथे खर्चाचा मोठा भाग मालमत्तांच्या संख्येवर आणि आलेल्या कॉलच्या प्रमाणावर ठरतो, त्यामुळे कोणत्या प्रकारचे कॉल बिल वाढवत आहेत, हा प्रश्न तिथे सर्वांत फलदायी ठरतो. बाकी वाचनाची रीत तीच.

सभेनंतर

उत्तर त्याच रात्री मिळत नाही. ‘माहिती घेऊन कळवू’ असे शब्द ऐकू आले की ते इतिवृत्तात आले आहेत का, हे पुढच्या विषयपत्रिकेत तपासावे. नसतील तर क्लर्कला नम्रपणे लिहावे. बोर्डाच्या पुढच्या सभेला जाऊन बसावे, बोलायचे नसले तरी. तिथे प्रेक्षकांसाठीच्या खुर्च्या बहुतेक रिकाम्या असतात, आणि सलग तीन सभांना दिसलेला चेहरा सदस्यांच्या लक्षात राहतो. आकडा मिळालाच नाही, तर नगरपालिकांच्या माहिती अधिकार कायद्याखाली ५ डॉलर शुल्क भरून लेखी अर्ज करता येतो, पण तो मी शेवटचा उपाय म्हणून ठेवतो, कारण बोर्डाने स्वतःहून दिलेला आकडा पुढच्या वर्षीही छापला जातो आणि अर्जाने काढलेला एकदाच मिळतो.

१७ व्या कलमाचा प्रश्न मी फेब्रुवारीत बोर्डापुढे विचारला. मेमध्ये उत्तर आले की अशी नोंद वेगळी ठेवली जात नाही. एका सदस्याने ती ठेवावी असे सुचवले. त्यानंतरच्या तिमाही अहवालात, मनुष्यबळाच्या तक्त्याखाली, ‘रुग्णालयातील प्रतीक्षेचे तास’ असा एक नवा रकाना होता, आणि त्या मुलाची आई माझ्या शेजारी बसून तो वाचत होती.